‘लोक काय म्हणतील’ या भीतीवर काम कसे करावे

‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न मराठी घरात उत्तर मिळावे म्हणून क्वचितच विचारला जातो. तो विचारला की विषय मिटतो. नाटकाच्या तालमीला जाऊ पाहणारी मुलगी घरी बसते. नोकरी सोडून गावी शेती करायची म्हणणारा मुलगा गप्प होतो. घटस्फोटाचा अर्ज कपाटात वर्षानुवर्षे पडून राहतो, आणि नवरा गेल्यावरही टिकली लावावीशी वाटणारी बाई आरशासमोरून तशीच मागे वळते. यांपैकी कुणाला कुणी तोंडावर काही बोललेले असतेच असे नाही. बोलणे व्हायचेच असते. त्याच्या नुसत्या अंदाजाने आयुष्याचा निर्णय फिरतो.

लोकांच्या मताची फिकीर वाटणे हा स्वभावदोष नव्हे. माणूस गटात राहूनच तगला आणि गटाने वाळीत टाकलेल्याचे जगणे कठीण होते, म्हणून इतरांच्या नजरेतला बदल टिपण्याची सवय त्याच्यात खोलवर रुजली आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मार्क लिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये असे मांडले की, आत्मसन्मान म्हणून जे जाणवते ते बऱ्याच अंशी इतरांनी कितपत सामावून घेतले आहे याचेच मोजमाप असते. तेव्हा ही भीती समूळ नाहीशी करण्याचे ध्येय ठेवले तर पदरी निराशाच येते. साधण्यासारखे ध्येय निराळे आहे: भीती वाटली तरी निर्णय तिच्या हाती जाऊ न देणे. त्यासाठी भीतीचे दोन भाग वेगळे करावे लागतात. एक भाग कल्पनेतला असतो, तो पडताळून पाहिला की ओसरतो. दुसरा भाग खरा असतो. त्याची किंमत मोजावी लागते आणि त्याला तयारीच लागते. कल्पनेतल्या भीतीसाठी खऱ्या संकटाची तयारी करत बसले तर वर्षे वाया जातात. खरा धोका ‘मनाचे खेळ’ म्हणून उडवून लावला तर माणूस उघड्यावर पडतो. या विषयावरच्या बहुतेक सल्ल्यांत नेमका हाच फरक केलेला नसतो.

कल्पनेतली भीती कशी टिकते

पहिली चूक मोजण्यातली असते. टॉमस गिलोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केलेले आणि २००० मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग या बाबतीत बोलके आहेत. विद्यार्थ्यांना एका गायकाचे चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवले गेले. आपल्या शर्टावर कुणाचे चित्र आहे हे खोलीतल्या निम्म्या लोकांच्या तरी लक्षात आले असेल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात ते साधारण चौथ्या हिश्श्याच्याच लक्षात आले होते. याच संशोधकांनी त्याआधी, १९९८ मध्ये, आणखी एक गोष्ट दाखवली होती: मनातली धडधड, घाबरणे, नावड हे सारे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत असणार असे माणसाला वाटते, पण समोरच्याला ते त्या मानाने फारच कमी दिसते. भाषण देताना पाय लटपटणाऱ्या माणसाने ही एक माहिती जरी मनाशी ठेवली तरी त्याचे बोलणे सुधारू शकते.

दुसरी चूक लक्ष कुठे ठेवायचे याची. सामाजिक भीतीवर इंग्लंडमधल्या डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी १९९५ मध्ये मांडलेले स्पष्टीकरण आजही उपचारांचा पाया मानले जाते. त्यांच्या मते भ्यालेला माणूस समोरच्याकडे पाहणे सोडून स्वतःकडे पाहू लागतो. आवाज कापतोय का, कानशिले तापली का, हात कुठे ठेवावेत, यातच तो अडकतो. आतून जे जाणवते तेच बाहेरून दिसत असणार असे तो धरून चालतो. त्यातून स्वतःला वाचवण्यासाठी तो काही क्लृप्त्या शोधतो: मान खाली घालून बोलणे, वाक्य मनात तीनदा घोळवूनच उच्चारणे, लग्नाच्या हॉलमध्ये मोबाइलमध्ये तोंड घालून उभे राहणे, मत मांडण्याआधीच ‘मला यातलं फारसं कळत नाही, पण’ असे म्हणून टाकणे. या क्लृप्त्यांचा तोटा असा की काही वाईट घडले नाही तर श्रेय त्यांना जाते. मान खाली घातली म्हणून निभावले, असे मनात बसते आणि लोक मुळातच हसणार नव्हते हे कळण्याची संधी हुकते. शिवाय सतत खाली पाहणारा माणूस इतरांना तुसडा किंवा गर्विष्ठ वाटू शकतो, म्हणजे ज्याला तो भीत होता ते मत त्याच्या बचावामुळेच तयार होते.

मग येते रात्रीची उजळणी. कार्यक्रम संपलेला असतो, पण अंथरुणावर पडल्यावर प्रत्येक वाक्य पुन्हा ऐकले जाते, प्रत्येक चेहरा पुन्हा वाचला जातो, आणि दर वेळी निकाल आणखी विरोधात जातो. तिथे साक्षीदार एकटी भीतीच असते.

तिसरी गोष्ट व्यक्तीपेक्षा गटाशी निगडित आहे. एखादी रूढी मनातून बहुतेकांना पटत नसते, पण प्रत्येकाला वाटते की इतरांना ती पटते. म्हणून सगळे पाळतात, आणि सगळे पाळतात हे पाहून प्रत्येकाची समजूत आणखी पक्की होते. लग्नातला मानपान आणि देणेघेणे दोन्हीकडच्यांना जड होत असते आणि तरीही होते, त्यामागे बऱ्याचदा हेच असते. ‘लोक’ म्हणून ज्यांची भीती वाटते तेही दुसऱ्या कुठल्या तरी ‘लोकां’ना भिऊन वागत असतात. म्हणून पहिले काम सोपे पण महत्त्वाचे: कागदावर नावे लिहावीत. ‘लोक’ म्हणजे नेमके कोण? बहुतेकांची यादी पाच-सात नावांवर थांबते: एखादी आत्या, सोसायटीतले एक कुटुंब, ऑफिसातला एक सहकारी, एक जुना मित्र. प्रत्येक नावापुढे दोन गोष्टी लिहाव्यात. या माणसाचे मत आपल्याला खरोखर मोलाचे वाटते का? आणि तो विरोधात गेला तर त्याच्या हातात नेमके काय आहे: टोमणा, अबोला, पैसा, घर, नोकरी, की मारहाण? टोमणा आणि अबोला एवढेच असेल तर पुढच्या भागातले उपाय पुरतात. पैसा, घर, नोकरी किंवा मारहाण यांपैकी काही लिहावे लागले तर आधी ‘खरी किंमत असते तेव्हा’ या भागाकडे वळावे.

एलिस यांची पद्धत

लाजेच्या भीतीवर सर्वांत थेट काम अल्बर्ट एलिस यांनी केले. न्यूयॉर्कमध्ये वाढलेले एलिस (१९१३–२००७) तरुणपणी मुलींशी बोलायला विलक्षण घाबरत. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी ब्राँक्सच्या वनस्पती उद्यानात महिनाभर जाऊन, बाकावर एकटी बसलेली स्त्री दिसली की शेजारी बसून बोलायचेच, असे स्वतःवर बंधन घातले. त्यांनी सांगितल्याप्रमाणे १३० जणींपैकी ३० उठून निघून गेल्या आणि १०० जणींशी बोलणे झाले. भेटायचे कबूल केले ते एकीनेच, आणि तीही आली नाही. प्रेमाच्या हिशेबाने ही मोहीम फसली. पण कुणी आरडाओरडा केला नाही, कुणी पोलिसांना बोलावले नाही, आणि एलिस यांची भीती गेली. नकार मिळत असतानाच ती गेली, हे यातले सर्वांत मोलाचे. यश मिळाल्यावर धीर येतो, ही समजूत अर्धीच खरी आहे. नकार पचतो हे कळल्यावर येणारा धीर जास्त टिकतो.

१९५५ पासून एलिस यांनी यातून एक उपचारपद्धती बांधली. मुंबईचे मानसशास्त्रज्ञ कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केला आणि ‘विवेकनिष्ठ मानसोपचारशास्त्र’ या नावाने ही पद्धत मराठी वाचकांपर्यंत पोहोचवली. अंजली जोशी यांची ‘मी अल्बर्ट एलिस’ ही कादंबरीही एलिस यांच्याच आयुष्यावर आहे. पद्धतीचे मूळ सूत्र असे की, घटना माणसाला थेट त्रास देत नाही. घटनेविषयीचा समज त्रास देतो. लोकांच्या मताच्या बाबतीत हा समज बहुधा मागणीच्या रूपात असतो: ‘सगळ्यांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे, नाही म्हटलं तर मी कुचकामी.’ एलिस यांनी सुचवलेला बदल असा: ‘चांगलं म्हटलं तर मला आवडेल. नाही म्हटलं तर वाईट वाटेल, पण ते सोसता येईल, आणि त्यावरून माझी किंमत ठरत नाही.’ पहिल्या वाक्यातून घबराट येते, दुसऱ्यातून फार तर खंत. खंत वाटत असताना माणूस कामाला जाऊ शकतो, घबराटीत जाऊ शकत नाही.

समज तपासण्यासाठी तीन प्रश्न वापरले जातात. याला पुरावा काय? हे तर्काला धरून आहे का? आणि असे मानल्याने माझा फायदा होतो का? ‘पगार कमी सांगितला तर पाहुणे मला नालायक समजतील’ हे वाक्य या प्रश्नांपुढे ठेवावे. काही पाहुणे तसे समजतीलही. तेवढ्यापुरता पुरावा आहे. पण चार जणांच्या समजुतीवरून अख्खा माणूस नालायक ठरतो, या उडीला तर्काचा आधार नाही. कृतीचे मूल्यमापन करता येते, अख्ख्या माणसाचे एकाच आकड्यात करता येत नाही, यावर एलिस यांचा फार भर होता. ही तपासणी मनातल्या मनात करू नये, लिहूनच करावी. मनातला वाद भीती फार लवकर जिंकते.

पण नुसत्या लिहिण्यानेही भागत नाही. एलिस यांनी लाज मोडून काढण्याचे प्रत्यक्ष व्यायाम दिले. भुयारी रेल्वेच्या डब्यात येणाऱ्या स्टेशनांची नावे मोठ्याने पुकारायची. केळ्याला दोरी बांधून ते रस्त्यावरून फिरवायचे. वरवर वेडगळ वाटणाऱ्या या प्रकारांना पक्की पथ्ये होती: बेकायदा काही नको, दुसऱ्याला त्रास होईल असे काही नको, आणि स्वतःची नोकरी किंवा सुरक्षितता धोक्यात येईल असेही नको. मराठी शहरा-गावांत याची सौम्य रूपे सहज सापडतात. दुकानात चार कपडे बघून काहीही न घेता, कारण न सांगता बाहेर पडणे. मोठ्या हॉटेलात सर्वांत स्वस्त पदार्थ मागवून शांतपणे खाणे. बैठकीत ‘हा शब्द मला कळला नाही, पुन्हा सांगा’ म्हणणे. लग्नात मागच्या वर्षीचाच पोशाख घालणे. व्यायामाचा हेतू लोकांचे हसू मिळवणे हा नसतो. पाहणाऱ्यांच्या नजरेत उभे असताना स्वतःला दूषण न देता उभे राहण्याचा तो सराव असतो.

एक उदाहरण, पायरीपायरीने

पद्धत कागदावर सोपी दिसते, म्हणून एका सर्वसाधारण परिस्थितीवर ती लावून पाहणे उपयोगाचे ठरेल. विदर्भातून किंवा मराठवाड्यातून पुण्यात शिकायला आलेल्या विद्यार्थ्याची बोली वर्गात उठून दिसते. ‘न’ आणि ‘ण’वरून कुणीतरी एकदा हसलेले असते. ‘करून राहिलो’ म्हटल्यावर कुणीतरी नक्कल केलेली असते. त्यानंतर तो वर्गात प्रश्न विचारायचा थांबतो, घरचा फोन आला की जिन्यात जाऊन हळू बोलतो, आणि दोन वर्षांत प्रमाणभाषा सफाईने बोलू लागला तरी तोंड उघडताना आत काहीतरी आवळले जाणे संपत नाही. बोली हीन नाही हे त्याला बुद्धीने माहीत असते. बुद्धीला पटलेले अंगात उतरायला सरावच लागतो.

सराव सोप्यापासून अवघडाकडे जातो. खोलीतल्या मित्रांसमोर घरी फोन करायचा आणि घरच्या बोलीतच बोलायचे. मेसमध्ये वाढप्याशी त्याच बोलीत बोलायचे. मग एका वर्गमित्राशी. मग लहान गटात, आणि शेवटी वर्गात उभे राहून प्रश्न विचारायचा. प्रश्न प्रमाण मराठीत असो की बोलीत, उच्चाराची चाळणी न लावता. प्रत्येक पायरीआधी भाकीत लिहायचे आणि ते मोजता येईल असेच लिहायचे. ‘अपमान होईल’ असे लिहून उपयोग नाही. ‘निदान पाच जण हसतील आणि सर माझा प्रश्न टाळतील’ हे लिहिता येते. भाकीत खरे होईल असे किती वाटते, शंभरात किती, हेही लिहायचे. पायरी चढताना क्लृप्ती सोडायची: मान वर, आवाज नेहमीचा, आणि लक्ष स्वतःच्या घशाऐवजी समोरच्याच्या चेहऱ्यावर. नंतर लगेच, तासाभराच्या आत, काय दिसले ते लिहायचे. काय वाटले ते लिहायचे नाही. किती जण हसले? सरांनी उत्तर दिले का? रात्री उजळणी सुरू झाली तर हा कागद वाचायचा आणि सुनावणी तिथेच थांबवायची.

कधी भाकीत खरे ठरते. कुणी खरेच हसतो. तो प्रसंग पद्धत फसल्याचा पुरावा नव्हे. बहुधा सर्वांत जास्त शिकवणारा तोच असतो. एक जण हसला, मग काय झाले? तास पुढे चालू राहिला का? हसणाऱ्याला ‘हो, आमच्याकडे असंच बोलतात’ एवढे सरळ आवाजात सांगता आले का? टोमण्याला तोडीस तोड टोमणा देण्याची गरज नसते. साधी कबुली टोमण्यातली हवा काढून घेते, कारण टोमणा मारणाऱ्याला समोरच्याने लपवावे असेच वाटत असते. एकच पायरी पुन्हा पुन्हा करावी, भीती निम्म्यावर आल्यावरच पुढे जावे. एकदा केलेले धाडस आठवणीत राहते, स्वभावात उतरत नाही.

स्वतःचे काय, हे ओळखणे

वर्षानुवर्षे इतरांच्या अंदाजाने वागलेल्या माणसाला भीती कमी झाल्यावर एक वेगळाच प्रश्न पडतो: मला नेमके हवे तरी काय? याचे उत्तर एका बैठकीत मिळत नाही. काही चाचण्या मात्र कामी येतात. ही गोष्ट केल्याचे कुणालाही कधीच कळणार नसेल, फोटो निघणार नसेल, तरी करावीशी वाटेल का? एखाद्याचा हेवा वाटतो तेव्हा नेमका कशाचा वाटतो: त्याच्या पदाचा, की त्याच्या दिवसभराच्या कामाचा? कोणते काम करताना वेळेचे भान सुटते? कोणाच्या सोबतीत बोलण्याआधी वाक्य तपासावे लागत नाही? महिनाभर अशा नोंदी ठेवल्या तर त्यांतून काही तरी रेषा उमटू लागते.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला, खरे वागणे म्हणजे मनात येईल ते तोंडावर बोलणे. आजीशी, साहेबांशी आणि मित्राशी वेगवेगळ्या रीतीने बोलणे हा खोटेपणा नाही. ब्रिटिश मनोविश्लेषक डोनाल्ड विनिकॉट यांनी १९६० मध्ये माणसाच्या ‘खऱ्या’ आणि ‘खोट्या’ स्वत्वाचा विचार मांडला, तेव्हा सभ्यतेने वागणारा बाहेरचा थर निरोगी माणसातही असतो आणि तो आतल्याचे रक्षण करतो, हे त्यांनी स्पष्ट केले होते. आजार तेव्हा, जेव्हा थरच सगळे आयुष्य जगतो आणि आतले कुणालाच, स्वतःलाही, सापडत नाही. दुसरा गैरसमज, लोकांच्या विरुद्ध वागणे म्हणजे स्वतःसारखे वागणे. लोक डावीकडे म्हणतात म्हणून उजवीकडे जाणाऱ्याची वाटही लोकच ठरवतात. एखाद्याला मनापासून पारंपरिक पद्धतीचे लग्न, घरचा व्यवसाय किंवा उपास-वारी हवी असेल आणि ‘पुढारलेल्या’ मित्रांच्या भीतीने तो ते लपवत असेल, तर त्याचाही प्रश्न नेमका हाच आहे.

खरी किंमत असते तेव्हा

आता भीतीचा दुसरा भाग. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी गोदूबाई या विधवेशी पुनर्विवाह केला. ते नवपरिणीत पत्नीला घेऊन मुरुडला, आपल्या गावी गेले, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्यांना घरात घेतले तर घरच्यांनाही वाळीत टाकले जाईल अशी तंबी दिली. ही भीती कल्पनेतली नव्हती. एलिस यांचे तीन प्रश्न इथे पुरले नसते. कर्वे टिकले त्यामागे धैर्य होतेच, पण दोन व्यावहारिक गोष्टीही होत्या. त्यांची नोकरी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होती, गावाच्या हातात नव्हती. आणि ते एकटे नव्हते: गोदूबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या होत्या, पुण्यात सुधारकांचे वर्तुळ होते, आणि कर्व्यांनी त्याच वर्षी विधवाविवाहाच्या समर्थकांची मंडळी उभी केली. त्यांचे पुत्र रघुनाथ कर्वे यांना संततिनियमनाच्या कामापायी १९२५ मध्ये मुंबईच्या विल्सन महाविद्यालयातली प्राध्यापकी सोडावी लागली. १९२७ पासून त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले ते १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत, खटले आणि ओढगस्त सोसून. नोकरी जाऊनही हे निभावले ते पत्नी मालतीबाईंच्या खंबीर साथीमुळे. धैर्याच्या गोष्टी सांगताना मिळकत आणि सोबत यांचा उल्लेख गळतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की आपल्यात फक्त छातीच कमी आहे. प्रत्यक्षात कमी असते ती बहुधा तयारी.

तेव्हा मोठा निर्णय जाहीर करण्याआधी, विशेषतः तो आंतरजातीय लग्नाचा, घटस्फोटाचा, लैंगिक कलाचा किंवा धर्माचा असेल तर, तयारी क्रमाने करावी. स्वतःच्या नावाचे बँक खाते आणि काही महिने पुरतील एवढे पैसे. जन्मदाखला, आधार, पदवीची प्रमाणपत्रे स्वतःच्या ताब्यात. राहायची पर्यायी जागा. आणि निदान एक माणूस, ज्याला सगळे माहीत आहे. या एका माणसाचे मोल सॉलोमन ॲश यांनी १९५० च्या दशकात केलेल्या प्रसिद्ध प्रयोगांत दिसते. रेषांची लांबी ओळखण्याच्या अगदी सोप्या कामात बाकी सगळे ठरवून चुकीचे उत्तर देत, तेव्हा सुमारे एक तृतीयांश वेळा माणसे डोळ्यांना दिसणारे सोडून गटाच्या मागे जात. दबावाला तीन-चार माणसेही पुरत. पण गटात एकाने जरी बरोबर उत्तर दिले, तरी मागे जाण्याचे प्रमाण एरवीच्या जवळजवळ पाव होई. म्हणून सगळ्यांना पटवण्याच्या खटपटीपेक्षा आधी एक सोबती शोधणे कितीतरी फलदायी. मग तो भाऊ असो, मामी असो की बाहेरची मैत्रीण.

कायद्याचे आधारही माहीत असावेत. व्यक्तीला किंवा कुटुंबाला वाळीत टाकणे हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. २०१६ मध्ये मंजूर होऊन जुलै २०१७ पासून लागू झालेल्या सामाजिक बहिष्कारविरोधी कायद्यानुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जातपंचायतीचा फतवाही यात येतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्म न बदलता लग्न करता येते. मात्र त्याला तीस दिवसांची जाहीर नोटीस लागते आणि तोवर बातमी घरी पोहोचू शकते, हे धरूनच बेत आखावा. लग्नाच्या निवडीवरून जिवाला धोका असलेल्या जोडप्यांसाठी जिल्हा पातळीवर विशेष कक्ष आणि सुरक्षित निवाऱ्याची सोय करण्याचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात दिले आहेत. त्याच वर्षी ६ सप्टेंबरला न्यायालयाने सज्ञानांमधले संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले; मुंबईतला हमसफर ट्रस्ट १९९४ पासून या समुदायासोबत काम करतो. तातडीच्या धोक्यात ११२ हा पोलिसांचा आणि १८१ हा महिलांसाठीचा क्रमांक आहे. घरात मारहाणीची शक्यता असेल तर ‘आजच सगळं सांगून मोकळं व्हावं’ हा सल्ला कुणीही देवो, तो पाळू नये. आधी सुरक्षित जागा, मग बोलणे.

घरी बोलणे

धोका नसेल, विरोधच फक्त असेल, तर बोलण्याची रीत महत्त्वाची ठरते. सणाच्या पंगतीत किंवा पाहुण्यांसमोर विषय काढू नये; चारचौघांत आई-वडिलांनाही ‘लोकां’ची भीती असते आणि ते त्या भीतीने बोलतात. आधी आई किंवा वडील यांपैकी जवळच्या एकाशी एकांतात बोलावे. निर्णय झालेला असेल तर तो प्रश्नाच्या रूपात मांडू नये. ‘बाबा, मी ही नोकरी सोडायचं ठरवलंय. तुम्हाला काळजी वाटेल, हे मला कळतं. वर्षभराचे पैसे बाजूला ठेवलेत, हिशेब तुम्हाला दाखवतो’ एवढे पुरते. यात आदर आहे, माहिती आहे, आणि परवानगीची विनवणी नाही. उत्तरात राग आला तर त्याच बैठकीत वाद जिंकण्याचा हट्ट धरू नये. मुलाला जे पचवायला दोन वर्षे लागली ते आई-वडिलांना दोन तासांत पचावे, ही अपेक्षा अन्यायाची आहे. त्यांच्या ‘लोक काय म्हणतील’मागे बऱ्याचदा ‘आम्ही कुणाला काय उत्तर देऊ’ ही अडचण असते. तेव्हा त्यांना सांगण्यासारखे एक वाक्य तयार करून द्यावे. ‘तिचं ती बघतेय, आमचा विश्वास आहे’ हे वाक्य कितीतरी आयांना कार्यक्रमांत उपयोगी पडते.

लांबच्या नातेवाइकांना एवढे खुलासे देण्याचे कारण नाही. ‘पॅकेज किती?’, ‘गोड बातमी कधी?’, ‘अजून लग्न नाही?’ या प्रश्नांना हसून, छोटे, दर वेळी तेच उत्तर द्यावे आणि विषय बदलावा: ‘ठरलं की सांगेनच, मावशी. तुमचे गुडघे कसे आहेत आता?’ लांबलचक खुलासा दिला की समोरच्याला न्यायाधीशाची खुर्ची आपणहून दिल्यासारखे होते.

उपचार कधी घ्यावेत

भीती सहा महिन्यांहून अधिक काळ टिकून असेल, तिच्यापायी मुलाखती, परीक्षा, समारंभ किंवा चारचौघांत जेवणेसुद्धा टाळले जात असेल, घाम, कंप, मळमळ यांनी माणूस हैराण होत असेल, तर तो लाजाळूपणा राहत नाही. सामाजिक भयविकार हे त्याचे वैद्यकीय नाव. तो बहुधा पौगंडावस्थेत सुरू होतो आणि ‘स्वभावच तसा आहे’ म्हणून वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. त्यावर बोधात्मक वर्तन उपचार सर्वांत परिणामकारक ठरले आहेत. गरजेनुसार मानसोपचारतज्ज्ञ औषधेही देतात. धीर यावा म्हणून दारूचा आधार घेणे मात्र या विकारात विशेष घातक, कारण सवय चटकन जडते आणि मूळची भीती जिथल्या तिथे राहते. केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर वर सांगितलेले कुठलेही व्यायाम करत न बसता आधी हा फोन करावा किंवा जवळच्या रुग्णालयात जावे.

मुलांच्या बाबतीत

ही भीती बऱ्याच अंशी घरातच शिकवली जाते, तेव्हा ती न शिकवण्याचे कामही घरातच होऊ शकते. मुलाला एखाद्या वागण्यापासून थांबवायचे असेल तर खरे कारण सांगावे. ‘असं रडू नको, लोक बघतायत’ याऐवजी ‘तुला राग आलाय ना, बाजूला जाऊन बोलू’. ‘हे कपडे घालू नको, लोक हसतील’ याऐवजी ‘तिथे थंडी असेल’ किंवा कारणच नसेल तर काहीच नाही. पाहुण्यांसमोर गाणे म्हणायला लावणे, गुणांची चारचौघांत तुलना करणे, मुलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट गंमत म्हणून नातेवाइकांत सांगणे, यांतून मूल एकच धडा घेते की घराबाहेरची नजर घरातल्या माणसांनाही प्रिय आहे. मोठी माणसे घरी बसून शेजाऱ्यांच्या सुनेविषयी, कुणाच्या रंगाविषयी, कुणाच्या मोडलेल्या लग्नाविषयी काय बोलतात, हेही मूल ऐकत असते, आणि उद्या आपल्याविषयी असेच बोलले जाईल हा हिशेब ते मनाशी करते. त्या बोलण्यात चूक झाल्यास मुलांसमोरच ‘मी तिच्याविषयी असं बोलायला नको होतं, तो तिचा प्रश्न आहे’ असे म्हणता येते. बोलणे समजू लागलेल्या मुलापासून दहावीतल्या मुलापर्यंत सर्वांना हे वाक्य कळते.